खांबाभोवतीची धूप: आधी वाळू बसू द्या

एसपीएच पद्धतीने (पाणी आणि वाळू सुट्या कणांनी दाखवणारी संगणकीय पद्धत) समुद्रातल्या खांबाभोवतीची धूप, म्हणजे प्रवाहाने वाहून जाणारी तळाची वाळू, काढताना पहिल्या क्षणापासून प्रवाह सोडू नका. चौकटीत मांडलेले वाळूचे कण सुरुवातीला स्वतःच्याच वजनाने खचतात आणि ती घटही धूप म्हणून मोजली जाते. आधी स्थिर पाण्यात कणांचा वेग जवळजवळ शून्य होईपर्यंत गणन चालवा. तेव्हाची तळपातळी शून्य धरा.

खांबाच्या व्यासात १० कण ही अगदी खालची मर्यादा, २० असले तर बरे. कण मोठे असतील तर खांबापुढचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा नीट उमटत नाही, आणि खड्डा प्रामुख्याने तोच खणतो. एकसारख्या प्रवाहात खड्ड्याची खोली साधारण व्यासाच्या १.३ पट जाते, म्हणून वाळूचा थर किमान दुप्पट व्यासाइतका जाड हवा. गणनात पाण्यासाठी धरायचा ध्वनिवेग मात्र खऱ्याइतका नको, कमाल प्रवाहवेगाच्या १० पट पुरतो.