स्पर्शगम्य इंटरफेस आखताना: आधी हात, मग सेन्सर

पडद्यावरच्या चित्रांऐवजी हातात धरता येणाऱ्या वस्तूंमधून संगणक चालवायचा, म्हणजे स्पर्शगम्य इंटरफेस घडवायचा, असे ठरले की बहुतेक जण आधी सेन्सर निवडायला बसतात, आणि माझ्या मते गणित तिथेच चुकते. ज्या कामासाठी उपकरण हवे आहे, ते काम आज हात कसे करतात, हे आधी पाहावे, मध्ये काही न बोलता.

पाहायचे काय, ते जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९२७ साली हातोड्याच्या निमित्ताने मांडले आहे. आपल्या स्वयंपाकघरातही ते दिसते. पोळी लाटणाऱ्याचे लक्ष लाटण्याकडे नसते, पोळीच्या कडेकडे असते. लाटण्याला कणीक चिकटली की मात्र तेच लाटणे एकदम नजरेत भरते. साधन विसरले जाते तो क्षण आणि ते आडवे येते तो क्षण, असे दोन्ही टिपून ठेवावेत. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँटी यांनी १९४५ मध्ये दाखवले, की सरावलेल्या अंध माणसाला स्पर्श काठीच्या मुठीशी नव्हे, तर टोकाशी जाणवतो. म्हणून उपकरणाचे टोक नेमके कुठे येते, तेही ठरवावे.

यानंतर अर्थ वस्तूला कसा जोडायचा, हे डिझायनर डरेल बिशप यांच्या १९९२ मधील आन्सरिंग मशीनच्या, म्हणजे फोनवरचे निरोप नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राच्या, संकल्पनेवरून शिकावे. आलेल्या प्रत्येक निरोपामागे एक गोटी घरंगळत बाहेर येते. ती खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनवर ठेवली की निरोप देणाऱ्याला फोन लागतो. निरोप किती आले, हे खोलीत शिरतानाच कळते, आणि एखादी गोटी घरातल्या दुसऱ्या कोणासाठी वाटीत काढून ठेवायला कोणत्याही मेनूची गरज पडत नाही. संगणकशास्त्रज्ञ पॉल डूरिश यांनी २००१ साली मांडलेला मुद्दा हाच आहे, की इंटरफेस आखणारा अर्थ आधी भरून ठेवत नाही, अर्थ वापरातून, माणसांच्या आपसातल्या व्यवहारातून घडतो. त्यामुळे प्रत्येक हालचालीला एकेक आज्ञा चिकटवू नये, थोडी मोकळीक राखावी. नुसत्या ठोकळ्यांवर बटणांची कामे चढवली, तर तो लाकडी कीबोर्डच झाला.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा आणि खऱ्या गोट्यांचा करावा, यंत्राचे काम पडद्याआड बसलेल्या माणसाने करावे, आणि मुद्दाम घोटाळे घडवून पाहावेत. गोटी सोफ्याखाली गेली तर निरोपाचे काय होणार, याचे उत्तर सर्किट जोडण्याआधी लिहून ठेवावे.