छातीत दुखतं, पण रिपोर्ट नॉर्मल: या चुका टाळा

पहाटे झोपेतून उठवणारी छातीतली कळ, दहा मिनिटांत ओसरते. सकाळी काढलेला ईसीजी मात्र स्वच्छ येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटका (स्पॅझम) येतो तेव्हा नेमकं असंच घडू शकतं. १९५९ मध्ये डॉ. मायरन प्रिंझमेटल यांनी या दुखण्याचं वर्णन केलं: विश्रांतीत उठणारं, आणि ईसीजीवर तेवढ्यापुरताच बदल दाखवणारं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नॉर्मल रिपोर्ट पाहून ‘ॲसिडिटी असेल’ किंवा ‘टेन्शन घेता’ म्हणत फाईल मिटणं. पेटका सुटला की वाहिनी पूर्ववत होते, मग ईसीजीत काय दिसणार? ट्रेडमिल टेस्ट, अगदी अँजिओग्राफीही निर्दोष येऊ शकते. म्हणून ईसीजी कळ चालू असतानाच मिळायला हवा. ते जमत नसेल तर होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावतात. तरीही उलगडा झाला नाही, तर अँजिओग्राफीच्या वेळी ॲसिटिलकोलीन हे औषध देऊन पेटका येतो का ते तपासता येतं. ही तपासणी अनुभवी केंद्रातच व्हावी. कळ कधी आली, किती मिनिटं टिकली, तेव्हा काय करत होता, हे लिहून न्या. माझ्या मते ही वही डॉक्टरांना फार मोठी मदत करते.

जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनने (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने) बरं वाटलं म्हणजे निदान झालं, असंही समजू नका. अन्ननलिकेचा पेटकाही त्याने सुटतो. गोळी बसूनच घ्या, बीपी उतरून भोवळ येते. सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा) औषध घेतलं असेल तर ही गोळी जीवघेणी ठरू शकते.

औषधांतली चूक वेगळीच. इथे मुख्य आधार डिल्टियाझेम, ॲम्लोडिपिनसारख्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर्सचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या औषधांचा. प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने (ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या औषधाने) मात्र पेटके वाढू शकतात. मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्यांनीही. त्यामुळे घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका, पेटके उलटून येतात.

सिगारेट मात्र आजच सोडा. ती ओढत राहून गोळ्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

‘पेटकाच तर आहे’ म्हणून घरी थांबू नका. त्यातूनही हार्ट अटॅक येतो, ठोके बिघडतात. पहिल्यांदाच अशी कळ आली, कळेसोबत शुद्ध हरपली किंवा जिभेखालच्या गोळीनंतर ५ मिनिटांत उतार पडला नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.