क्यूचं काम दिलंय आणि कारागीर गप्प झालाय? असं करा

गेल्या पावसाळ्यात माझ्या क्यूचा, म्हणजे पूल-स्नूकर खेळायच्या काठीचा, मेपलचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) सात आठवडे परगावच्या एका कारागिराकडे पडून होता. फेरूल (टोकावरची छोटी नळी, जिच्यावर टिप बसते) बदलायची आणि टोक १३ मिलिमीटरवरून १२.५ वर आणायचं, एवढंच काम. पैसे मी शाफ्ट पाठवतानाच पूर्ण देऊन टाकले होते. पहिल्या आठवड्यात 'हो सर, उद्या लेथवर घेतो' असं उत्तर आलं. तिसऱ्या आठवड्यात नुसता अंगठा आला. पाचव्यापासून फोनही उचलेना. शेवटी शाफ्ट घरी आला तो भांडून नाही, एका साध्या मेसेजमुळे. तो मेसेज पुढे दिला आहे, पण त्याच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची आहे.

नाशिकमध्ये टिप, म्हणजे चेंडूला लागणारी टोकाची चामडी चकती, बदलायची असेल तर क्लबचा मार्कर (टेबलं सांभाळणारा, गुण मोजणारा माणूस) बदलून देतो. नवीन शाफ्ट, जॉइंट (क्यूच्या दोन भागांचा सांधा), रॅप (मुठीवरचं वेष्टण) किंवा आपल्या मापाचा पूर्ण क्यू हवा असेल तर माझ्या ओळखीतले बहुतेक जण मुंबई-पुण्याला किंवा त्याहून लांब काम पाठवतात. वस्तू कुरिअरने जाते, पैसे यूपीआयने जातात आणि मधला दुवा फक्त व्हॉट्सॲपचा. रविवार कारंजावरच्या दुकानात जाऊन काउंटरपुढे उभं राहावं, तशी सोय इथे नसते.

१. कामाला खरोखर किती वेळ लागतो ते आधी समजून घ्या

हे ठाऊक नसेल तर उशीर कुठे संपतो आणि टाळाटाळ कुठे सुरू होते ते कळत नाही. टिप बदलणं हे तासाभराचं काम, त्यातला बराच वेळ गोंद धरायला जातो. फेरूलला एक-दोन दिवस धरा, कारण चिकटवल्यावर ती नीट बसू द्यावी लागते आणि मगच शाफ्टच्या बरोबरीने तासता येते. शाफ्ट बारीक करणं लेथवर पटकन होतं, पण वरचं फिनिश निघून जातं, ते पुन्हा चढवावं लागतं.

नवीन शाफ्टची गोष्ट वेगळी. चांगला कारागीर मेपल एका दमात तासत नाही. थोडं तासायचं, काही आठवडे टांगून ठेवायचं, लाकूड कुठे बाक धरतंय ते बघायचं, मग पुन्हा थोडं तासायचं. घाईत एकदाच तासलेला शाफ्ट महिन्याभरात पीळ खातो आणि टेबलावर लोळवला की टोक थरथरतं. म्हणून नवीन शाफ्टला काही महिने लागले तर मी तक्रार करणार नाही. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कारागिरांकडे पूर्ण क्यूसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबतात, त्यामागे मागणीइतकंच हेही कारण आहे.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा करा. हवा दमट असताना लॅकर मारला की तो दुधासारखा पांढरट पडतो. जून ते सप्टेंबर या काळात 'पाऊस उघडल्यावर फिनिश मारतो' असं कोणी सांगितलं तर तो बहुधा खरं बोलतोय. नवीन क्यू करून घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर ऑर्डर द्या.

२. मापं एकाच मेसेजमध्ये लिहा

कारागीर गप्प होण्याचं एक मोठं कारण आपल्याच मेसेजमध्ये असतं. 'जरा पातळ करून द्या, पण फार नको' याला तो काय उत्तर देणार? उत्तर द्यायचं तर त्याला चार उलटे प्रश्न विचारावे लागतात. ते तो रात्रीवर टाकतो आणि रात्री विसरतो. आता मी असा मेसेज पाठवतो:

'शाफ्ट मेपल, लांबी २९ इंच, जॉइंट ३/८ बाय १०. जुनी फेरूल काढून नवीन बसवणे, लांबी १ इंच. टिपजवळचा व्यास १२.५ मिमी, फरक ०.१ पेक्षा जास्त नको. टिपपासून १२ इंचांपर्यंत हाच व्यास, पुढे मूळ उतार तसाच. टिप मध्यम कडक. फिनिश हलकं, हाताला चिकटायला नको. १२.५ पेक्षा खाली जायची वेळ आली तर आधी फोन करा.'

शेवटचं वाक्य माझ्या त्या शाफ्टने शिकवलं.

व्यास डोळ्यांनी ठरवू नका. व्हर्नियर कॅलिपर लावून टिपजवळ, सहा इंचांवर आणि बारा इंचांवर मोजा आणि प्रत्येक वेळी आकडा दिसेल असा फोटो काढा. काम परत आल्यावर वाद झाला तर हे तीन फोटो पुरतात. जॉइंटच्या पिनचाही (दोन भाग जोडणाऱ्या आट्यांच्या स्क्रूचाही) फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या, कारण ५/१६ बाय १४ आणि ५/१६ बाय १८ (आधी इंचातला व्यास, मग इंचाला किती आटे) नुसते बघून ओळखणं अवघड असतं. नवीन शाफ्ट करायचा असेल तर जमल्यास बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भागही पाठवा. दोन तोंडं एकमेकांवर घट्ट बसतात की नाही, हे समोरासमोर लावल्याशिवाय कळत नाही. स्नूकरचा क्यू असेल तर लाकूड बहुतेक ॲश, फेरूल पितळी आणि टिप साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पण लिहायची रीत हीच.

पाठवताना प्लंबिंगच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आणा. क्यू बबल रॅपमध्ये गुंडाळा, दोन्ही तोंडांना थर्मोकोल ठासा. पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

३. पैसे टप्प्याने द्या

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पूर्ण पैसे हातात आले की आपलं काम त्याच्या टेबलावर सगळ्यात खाली जातं. यात लबाडी असतेच असं नाही. ज्या कामाचे पैसे यायचे असतात ते कोणीही आधी उचलेल.

मी आता तीन भाग करतो. एक तृतीयांश इसार, ज्यातून त्याचा माल येतो. एक तृतीयांश काम लेथवर चढल्याचा फोटो आल्यावर. उरलेले क्यू घरी आल्यावर, तपासून, त्याच दिवशी. आयात केलेलं लाकूड किंवा महागडी पिन मागवायची असेल तर कारागीर इसार जास्त मागेल आणि ते रास्त आहे, फक्त मालाचा फोटो मागा. प्रत्येक वेळी यूपीआयच्या नोंदीत 'शाफ्ट काम, इसार' असं लिहा. दिलेले पैसे परत खेचून घेता येत नाहीत, निदान ते कशाचे होते ते तरी दिसलं पाहिजे.

एक कायद्याची बाब इथेच सांगतो. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० मध्ये. त्यामुळे काम झालेलं असताना पैसे अडकवून 'आधी शाफ्ट पाठवा' असं दरडावण्यात अर्थ नाही. शेवटचा हप्ता घरी आल्यावर द्यायचा असेल तर ते सुरुवातीलाच ठरवून लिहून घ्या.

४. तारीख म्हणजे कॅलेंडरवरची तारीख

'गणपतीच्या आधी', 'पितृपक्ष संपला की', 'नवरात्रात बघू' या तारखा नव्हेत. गणपतीच्या आधी म्हणजे आदल्या रात्री, की आदल्या महिन्यात? २० तारीख हवी असेल तर २० लिहा आणि ती का हवी तेही लिहा: 'क्लबची स्पर्धा २४ ला आहे, २० नंतर मला या कामाचा उपयोग नाही.' करार कायद्याच्या कलम ५५ नुसार वेळ हाच कराराचा गाभा आहे असं दोघांनी धरलेलं असेल आणि वेळ चुकली तर तुम्ही करार रद्द करू शकता. वेळ ठरलेलीच नसेल तर कलम ४६ प्रमाणे 'वाजवी वेळ' धरली जाते, आणि वाजवी म्हणजे किती यावरच सगळा वाद होतो.

सणवाराचे दिवस आधीच वजा करा. आपल्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला अर्धा जिल्हा त्र्यंबकला असतो, कोजागिरीच्या सुमारास कावडी घेऊन लोक वणीला निघतात. कारागीर ज्या गावचा आहे तिथेही असे दिवस असतातच. ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

५. गप्प झाला की आधी कारण ओळखा

सातपूरच्या एका लेथवाल्याकडे मी पिनचं आटे पाडायचं काम दिलं होतं. दोन दिवस फोन उचलेना म्हणून सकाळी साडेआठला जाऊन उभा राहिलो. त्याचा मोबाइल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, फळीवर ठेवलेला. 'भुसा आणि ऑइल आत जातं हो, दोन मोबाइल गेले.' दुपारी जेवताना तो डबा उघडतो आणि ज्याचा मेसेज वर दिसेल त्याला उत्तर देतो. त्या दिवसापासून मी एकट्याने काम करणाऱ्या कारागिराला फोन करायचा तर लेथ सुरू व्हायच्या आधी किंवा दुपारी दीडच्या सुमारास करतो.

दुसरं कारण पैशाचं. इसार दुसऱ्याच कामाच्या मालाला गेलेला असतो आणि तुमचा माल आणायला हातात काही नसतं. असा माणूस फोन उचलतो, गोडही बोलतो, फक्त फोटो पाठवत नाही. 'मालाचे पैसे थेट दुकानदाराला देऊ का?' असं विचारलं की खरं बाहेर येतं.

तिसरं कारण लाजेचं, आणि माझ्या मते सर्वात जास्त वेळा हेच असतं. काम बिघडलेलं असतं. माझ्या शाफ्टचं तेच झालं होतं. टोक १२.२ वर गेलं होतं आणि तो बिचारा तसाच दुसरा मेपल शोधत होता. सात आठवडे माझा प्रत्येक 'काय झालं सर?' त्याला टोचत होता आणि उत्तर देणं आणखी अवघड होत होतं. ज्या मेसेजने कोंडी फुटली तो असा:

'काही बिघडलं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी भांडणार नाही. काम जमत नसेल तर शाफ्ट आहे तसा परत पाठवा, कुरिअरचा खर्च माझा. फक्त एक आकडा लिहा. १: काम चालू आहे. २: बिघडलंय. ३: परत पाठवतो.'

वीस मिनिटांत '२' आला. पाठोपाठ फोन आला, फोटो आला, अर्धे पैसे परत आले. शाफ्ट मी १२.२ वरच ठेवला.

एका अंकात उत्तर देता येईल असा प्रश्न आणि सन्मानाने माघार घ्यायची वाट, या दोन गोष्टी एकत्र द्या. दिवसाला दहा मेसेज पाठवू नका, प्रत्येक मेसेजबरोबर उत्तर द्यायचं ओझं वाढतं. क्लबच्या ग्रुपवर नाव घेऊन बदनामीही करू नका. मार्करला विचारा. कोणाचं काम कुठे अडकलंय ते त्याला ठाऊक असतं, आणि त्याच्या एका फोनला आपल्या वीस फोनांपेक्षा जास्त किंमत असते.

६. तरीही उत्तर नाही

ठरलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी एक मेसेज. चार दिवसांनी फोन, योग्य वेळी. आठवड्याने वरचा आकड्यांचा मेसेज. पंधरा दिवस झाले तरी शुकशुकाट असेल तर लेखी नोटीस: कोणती वस्तू दिली, कधी दिली, किती पैसे दिले, काय ठरलं, किती दिवसांत वस्तू आणि पैसे परत हवेत. साध्या मराठीत लिहिली तरी चालते, कारागीर अमराठी असेल तर हिंदीत लिहा. स्पीड पोस्टने पाठवा, पोच मिळेल याची खात्री करा आणि एक प्रत ठेवा.

त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कारागीर परगावी आहे म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे नाशिककराने नाशिकच्याच आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. क्लबच्या धंद्यासाठी घाऊक क्यू मागवले असतील तर मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही.

पैसे घेतल्याबरोबर नंबर बंद आणि दिलेला पत्ता खोटा निघाला तर तो गप्प कारागीर नव्हे, ती फसवणूक आहे. तेव्हा थांबू नका, लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. पहिले काही तास हातातून गेले की पैसे अडवणं कठीण होतं.

७. पार्सल आलं की

उघडतानाही व्हिडिओ काढा. क्यू जोडा, जॉइंटवर नख फिरवा, कडा लागता कामा नये. सपाट टेबलावर लोळवा आणि टिपखालची फट बघा, ती फिरताना एकसारखी राहिली पाहिजे. फेरूलजवळ बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा, खुळखुळला तर गोंद सुटलाय. मग व्हर्नियर लावा, त्याच तीन ठिकाणी, आणि नव्या फोटोंसोबत जुनेही काढून बघा.

सगळं जुळलं तर उरलेले पैसे त्याच संध्याकाळी पाठवा आणि पहिल्या फ्रेमनंतर, म्हणजे डावानंतर, क्यू कसा चालला ते दोन ओळींत कळवा. माझा तो कारागीर आता दर कामाला लेथवरचा फोटो न मागता पाठवतो, व्हर्नियरचा आकडा दिसेल असा.