बीसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासा

एसयूव्हीचं सेंट्रल लॉक मनाला येईल तसं चालतंय, इंडिकेटर आपोआप लागतायत, वायपर थांबत नाहीत, असं झालं की पहिला संशय बीसीएमवर, म्हणजे लॉक, लाइट, वायपर सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर जातो. पण हा पार्ट महाग असतो, त्यामुळे आधी मल्टीमीटर हातात घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. फ्यूज बघा. मग हेडलाइट लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बीसीएमच्या अर्थ वायरला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरला टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

पावसाळ्यात कनेक्टर उघडून बघाच. सनरूफची नळी तुंबली की पाणी डॅशबोर्डखाली उतरतं आणि पिनांवर हिरवट थर चढतो. गळती तशीच ठेवून नवं बीसीएम बसवलं, तर तेही जाईल.

बदलायचंच ठरलं, तर जुनं काढण्याआधी त्यातलं कॉन्फिगरेशन स्कॅनरने वाचून सेव्ह करायला सांगा. बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) बीसीएमशी जोडलेला असतो, म्हणून सगळ्या किल्ल्या सोबत न्या. भंगारातलं बीसीएम मी तरी घेणार नाही. त्यात दुसऱ्याच गाडीचा डेटा असतो आणि तो पुसता आला नाही, तर गाडी सुरूच होत नाही. कोडिंग, म्हणजे नव्या बीसीएममध्ये गाडीचं कॉन्फिगरेशन भरणं, चालू असताना बॅटरीला चार्जर सपोर्ट लावलाय ना, हे स्वतः बघा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूलही बाद होऊ शकतं.