बेटांच्या संग्रहालयात वस्तू आली, आता पुढे काय?

पहिली गोष्ट, हातातलं फडकं खाली ठेवा. जुना नांगर, वल्हं किंवा जाळं दारात आलं की कुणीतरी उत्साहानं पुसायला, धुवायला घेतंच. पण जाळ्यातली डागडुजीची गाठ किंवा वल्ह्यावर घट्ट मुठीनं पडलेला चकचकीत पट्टा हाच त्या वस्तूचा इतिहास असतो. तो एकदा पुसला की संपला.

आधी वस्तू देणाऱ्याला बसवा आणि बोलतं करा. कुणी वापरली, कोणत्या हंगामात, तिला घरात काय म्हणत, ही दुरुस्ती कुणी केली? बोलणं रेकॉर्ड करा, परवानगी लेखी घ्या. ‘मासेमारीसाठी वापरत’ एवढीच नोंद मला दिसली की राग येतो. मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी काड्या बांधून नकाशे करत. वाकवलेल्या काड्या लाटांच्या दिशा दाखवत, शंख म्हणजे बेटं. नकाशा किनाऱ्यावरच पाठ करायचा, बरोबर न्यायचा नाही. हे कुणी सांगितलं नसतं, तर आपण त्याला मोडकी टोपलीच समजलो असतो.

मग क्रमांक. २०२५.४.२ म्हणजे २०२५ सालच्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू. कठीण, गुळगुळीत वस्तूवर न दिसणाऱ्या जागी अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा पातळ थर द्या, वाळल्यावर त्यावर आकडा लिहा, वर पुन्हा एक थर. पुढं कधी काढायचा झाला तर अॅसिटोननं निघतो. प्लास्टिक आणि रंगवलेल्या वस्तूंवर मात्र हे नको, तिथं चिठ्ठी बांधा. कापडाला सुती पट्टीवर लिहून टाका घाला.

आता खरा शत्रू, मीठ. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की त्याचे पुन्हा खडे होतात. समुद्रातून आलेल्या मडक्याच्या अंगात हा खेळ चालू राहिला, की खडे आतून रेटा देतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. म्हणून मडकं भक्कम भाजलेलं असेल तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, शेवटी डिस्टिल्ड पाणी वापरा. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं छोटं यंत्र मिळतं, पाणी बदलल्यावरही त्यावरचा आकडा वाढेनासा झाला की मीठ निघालं. कच्चं भाजलेलं किंवा रंग सुटणारं मडकं बुडवू नका.

लोखंडाचं वेगळं आहे. समुद्रातून नुकतंच निघालेलं लोखंड वाळू द्यायचंच नाही. आत मुरलेल्या मिठातल्या क्लोराइडला हवा मिळाली की ते थराथरानं फुटत जातं. ५ टक्के सोडियम कार्बोनेटच्या (धुण्याच्या सोड्याच्या) द्रावणात पूर्ण बुडवा, हातमोजे घाला आणि जाणकार संवर्धकाला बोलवा. पाण्यात मुरलेलं लाकूडही ओलंच ठेवायचं, फक्त साध्या गोड्या पाण्यात. स्वीडनचं ‘वासा’ जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, आणि त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या द्रव्याची) फवारणी पुढं १७ वर्षं चालली. तेव्हा होडीचा तुकडा ‘जरा उन्हात ठेवू’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

शंख-शिंपले आणि जाळ्याचे शिशाचे गोळे सागवानी किंवा ओकच्या बंद कपाटात ठेवायची फार हौस असते. लाकडातून अॅसेटिक आम्लाची वाफ येते. शिशावर पांढरी भुकटी, शंखांवर पांढरी खपली धरते. शंखांच्या या दुखण्याला शंखअभ्यासक बाइन यांचं नाव आहे. १८९९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन केलं, कारण मात्र जंतूंचं सांगितलं. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट घ्या. लाकडीच असेल तर दार उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो का बघा.

काथ्याच्या दोरांत, टोपल्यांत कीड दिसली तर फवारा नको. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर दव वस्तूवरच धरेल. रंगवलेलं लाकूड, काच जडवलेल्या वस्तू यात घालू नयेत.

उजेडाचं सोपं आहे: कापड, फोटो, कागद ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), उन्हाची तिरीप अजिबात नाही.

कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागं हवा खेळेल एवढी फट ठेवा. बुरशी तिथंच सुरू होते. जमिनीलगतच्या फळीवर काही ठेवायचं नाही, समुद्राचं पाणी कधी आत शिरेल सांगता येत नाही. नोंदवहीची आणि रेकॉर्डिंगची एक प्रत मात्र बेटाबाहेर, मुख्य भूमीवर ठेवा, आणि दर तिमाहीला तिथली प्रत बदलायचं काम एका ठरावीक माणसाच्या नावावर लावा.