कारच्या अपघातात गुडघ्याला मार लागला तर: पहिल्या तासापासून पुन्हा गाडी चालवेपर्यंत

उसाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यात रात्री गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत तेल घातलेलं असतं. पुढे अंधारात एखादी ट्रॉली उभी असते, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. सोलापूर-धुळे महामार्ग असो की अंबाजोगाई-लातूर रस्ता, कार मागून अशा ट्रॉलीवर आदळली की पट्टा छातीला धरतो, एअरबॅग डोकं वाचवते आणि गुडघे सरळ डॅशबोर्डवर जातात. माणूस लंगडत बाहेर येतो आणि म्हणतो, "काही नाही, मुका मार आहे." रक्त नाही, कातडी फाटलेली नाही, त्यामुळे घरच्यांनाही ते पटतं. पण असा वरून धड दिसणारा गुडघासुद्धा पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून पुढच्या गोष्टी क्रमानं करा.

आधी ओढाओढ थांबवा

धूर, पेट्रोलचा वास किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल, तर अडकलेल्या माणसाला बखोटीला धरून बाहेर ओढू नका. डॅशबोर्डचा दणका गुडघ्यावर थांबत नाही, मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत जातो. पाय आखूड वाटतोय, गुडघा वाकून आत वळलाय आणि सरळ करायला गेलं की माणूस ओरडतो, असं असेल तर खुबा निखळल्याची शंका घ्या. तो शक्यतो 6 तासांच्या आत बसवावा लागतो. तो बसवायचा दवाखान्यात, भूल देऊन. रस्त्यावर कुणी "मी बसवतो" म्हणालं तर हात जोडून त्याला लांब ठेवा.

108 लावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा चालतो. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की गाडी लवकर सापडते. पोलिसांच्या भीतीनं मागे सरू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेलं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

आणि जखमीला चहा-पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिला हात तांब्याकडे जातो, पण ऑपरेशन लागलं तर भूल देताना पोट भरलेलं चालत नाही.

मग पाऊल बघा

सगळे गुडघ्याकडे बघत असतात, तुम्ही पावलाकडे बघा. बूट-मोजे अलगद काढा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून बोट वर सरकवत पावलाच्या मध्यापर्यंत या आणि तिथे दोन बोटं हलकी टेकवा. नाडीचा ठोका लागतो. दुसऱ्या पायाला तीच जागा चाचपून ताडून बघा. मग विचारा, बोटं वर उचलता येतात का? पंजाला स्पर्श कळतो का?

याचं कारण असं. गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि ती तिथे जवळजवळ बांधलेलीच असते. जोरात मार बसून गुडघा निखळला तर ती ताणते किंवा फाटते. घात असा की निखळलेला गुडघा पुष्कळदा आपोआप जागेवर येतो, एक्स-रेमध्ये हाड धड दिसतं आणि खाली रक्त मात्र पोचत नसतं. असा पाय साधारण 6 ते 8 तास टिकतो, पुढे स्नायू मरायला लागतात.

पाऊल गार, फिकट किंवा ठोका नसलेलं वाटलं, तर वेळ कागदावर लिहून ठेवा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिलं तेच सांगा. कुठे न्यायचं हा मराठवाड्यातला खरा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड, लातूर ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, पण निघायच्या आधी फोनवर एवढं विचारून घ्या: रक्तवाहिनीचं ऑपरेशन करणारे सर्जन आत्ता आहेत का? एका दवाखान्यातून दुसऱ्यात चिठ्ठी घेऊन फिरण्यातच ते 6 तास जातात. ठोका लागला तरी गुडघा खूप हलत असेल तर तपासणी टाळू नका, रक्तवाहिनीला आतून इजा असूनही सुरुवातीला ठोका लागू शकतो.

पाय आहे तसाच बांधा

वाकडा असेल तर वाकडाच. गुडघ्याखाली घोंगडी किंवा चादरीची गुंडाळी ठेवा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा काठ्या लावा आणि उपरण्यानं गुडघ्याच्या वर आणि खाली बांधा, गुडघ्यावर नको. रस्त्याकडेला उसाची दोन सरळ टिपरं मिळाली तर कापडात गुंडाळून तीही चालतात. बांधून झालं की पुन्हा पावलाचा ठोका बघा. फार आवळलं असेल तर तिथे कळतं.

तेल चोळणं, शेक, हळद-तुरटीचा गरम लेप, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं, यातलं काही नाही. हाडवैद्याच्या हाताला गुण असेलही, पण आत रक्तस्राव चालू असताना चोळलं की सूज वाढते आणि मोडलेली गुडघ्याची वाटी आणखी सरकते.

दवाखान्यात काय विचाराल

एक्स-रे हवा की नको यासाठी डॉक्टर एक सोपी कसोटी वापरतात. वय 55 किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली असलेल्या हाडाच्या गोळ्यावर दुखणं, गुडघा काटकोनात न वाकणं, किंवा चार पावलंही टाकता न येणं. यातलं एकही असलं तरी एक्स-रे काढायचा. खुब्याचाही काढायला सांगा, तो सर्रास राहून जातो.

एक्स-रेत हाड दिसतं. आतले लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि हाडांमधल्या मऊ गाद्या दिसत नाहीत. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ फक्त हाड मोडलेलं दिसत नाही एवढाच. पहिल्या दोनेक तासांत गुडघा टम्म फुगला तर बहुतेक आत रक्त साठलंय. दुसऱ्या दिवशी हळूहळू सुजला तर गादीला मार असू शकतो. पाय सरळ ठेवून पलंगावरून उचलताच येत नसेल तर वाटी किंवा तिला ओढणारा कंडरा तुटलेला असू शकतो, आणि त्याला सहसा ऑपरेशन लागतं.

डॅशबोर्डच्या मारात हमखास सापडणारी इजा म्हणजे मागचं लिगामेंट, पीसीएल. उताणं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात उभे करा, टाचा टेकवा आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. दुखऱ्या पायाची नडगी वाटीच्या खाली मागे खचलेली दिसते. सूज उतरल्यावर हे जास्त स्पष्ट कळतं. शंका आली तर एमआरआय. एकट्या पीसीएलला बऱ्याचदा ऑपरेशन लागत नाही, गुडघ्याला आधाराचा पट्टा आणि व्यायाम यांवर भागतं. नडगीचा वरचा सपाट भाग खचला असेल तर मात्र प्लेट बसते आणि सहा ते बारा आठवडे पाय टेकवायला बंदी येते.

घरी आल्यावर

बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. गावात बर्फ नसेल तर फ्रीजमधली दुधाची गार पिशवी चालते. उशी टाचेखाली द्या, गुडघ्याखाली नको. तिथे बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि सरळ करताना पुढे रडू येतं. पंजा वर-खाली हलवत राहा. डॉक्टरांनी परवानगी दिली की मांडीचा स्नायू आवळून धरायचा व्यायाम सुरू करा, कारण तो स्नायू फार लवकर झडतो.

पोटरी दगडासारखी टणक झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं आणि पायाची बोटं कुणी वर ढकलली की जीव जातो, अशी वेळ आली तर सकाळची वाट बघू नका. प्लास्टर असेल तर ते लगेच कापून घ्यावं लागतं. नंतरच्या दिवसांत एकाच पोटरीला सूज आणि त्यात धाप लागणं हेही तितकंच तातडीचं.

खाली बसून जेवणं आणि उकिडवं बसायचा संडास काही महिने बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. पाहुण्यांसमोर मांडी घालण्यात कसला मोठेपणा आलाय?

कागद

पहिल्याच दिवशी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे अपघाताच्या इजांची कायदेशीर नोंद, करून घ्या, आणि त्यात "गुडघा दुखतो" हे लिहिलंय का ते स्वतः वाचा. डोक्याला टाके पडले की गुडघ्याचा उल्लेखच राहतो, आणि नंतर विमा कंपनी म्हणते ही इजा अपघातातली नाहीच. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. रुग्णालय यादीत आहे का ते विचारा. महात्मा फुले योजनेचीही चौकशी करा. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत लावा. एफआयआर, पंचनामा, बिलं, एमआरआयची सीडी, सगळं एका पिशवीत ठेवा.

पुन्हा स्टिअरिंगवर

घाई उजव्या गुडघ्याला महागात पडते. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी गाडी बंद ठेवून, जागेवरच बसून ब्रेक एकदम जोरात दाबून बघा. कळ आली किंवा पाय कचरला तर अजून थांबा. सीट इतकी मागे घ्या की ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि डॅशबोर्डला टेकणार नाही. शेजारी बसणाऱ्याला पाय डॅशबोर्डवर टाकून झोपू देऊ नका. एअरबॅग उघडली तर तेच गुडघे तोंडावर येतात.