पत्रिका उघडण्याआधी

नारायण पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं पत्रिका पाहते आहे. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, महादशा कशी काढायची, नवमांश कसा वाचायचा. ते पुस्तकात मिळतं. समोर बसलेल्या जातकाशी, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्याच्याशी, काय बोलायचं नाही हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

आजारपणाचा प्रश्न घेऊ नका. सुरुवातीच्या काळात एका बाईंचा कोथरूडहून फोन आला होता. छातीत गाठ लागत होती, डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती आणि त्यांना ‘काळजीचं काही नाही’ एवढंच ऐकायचं होतं. मी पत्रिका मांडली, षष्ठस्थानावर, म्हणजे आजारांच्या घरावर, गुरूची शुभ दृष्टी दिसली आणि म्हणून गेले, ‘मोठं काही नाही.’ त्यांनी तपासणी चार महिने लांबवली. गाठ कर्करोगाची निघाली. त्या वाचल्या, पण खूप सोसावं लागलं. पुढे त्यांचे यजमान भेटले तेव्हा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं होतंत.’ त्यावर मला उत्तर देता आलं नाही, आजही देता येणार नाही.

आता असा प्रश्न आला की मी पत्रिका उघडतच नाही. आधी तपासणी करा, म्हणते. ऑपरेशनला दिवस पाहून हवा असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखांमधूनच पाहून देते; त्यापुढची एकही तारीख सुचवत नाही. आणि बोलता बोलता कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर तो ग्रहांचा विषय नाही. त्या माणसाला एकटं घरी पाठवू नका. घरच्या कुणाला तरी बोलवा आणि समोर बसून १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर लावून द्या.

दुसरं, ‘नक्की’ हा शब्द सोडा. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून प्रत्येक ज्योतिषाला ४० पाठवल्या. कोणती कुणाची ते ओळखायचं. २७ जणांची उत्तरं आली आणि सगळ्यांत चांगलं उत्तर ४० पैकी २४ बरोबर असं होतं. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण २० बरोबर आली असती. आपल्यातले बरेच जण हा विषय निघाला की चिडतात. मी जातकाला स्वतःहून सांगते. पत्रिका पाहणं मी सोडलेलं नाही, पण हे ऐकूनही ज्याला बसायचं आहे त्याच्याशीच बोलते.

जन्मवेळ कुठून आली तेही विचारा. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी राशी, सुमारे दोन तासांत बदलतं; राशीचे नऊ भाग करून काढलेलं नवमांश लग्न तर तेरा-चौदा मिनिटांत. ‘पहाटे कधीतरी’ एवढंच ठाऊक असेल, तर काय सांगता येणार नाही ते आधी सांगा, दक्षिणा घेण्याआधी.

सगळ्यात जास्त भीती लग्नाच्या पत्रिकेत घातली जाते. हडपसरच्या एक आई मुलीला कडक मंगळ आहे म्हणून रडत आल्या होत्या. कुणीतरी शांतीचे पस्तीस हजार सांगितले होते. मी कागदावर बारा घरं काढली. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं. यांपैकी कुठेही मंगळ असला तरी मुलगी मंगळाची. म्हणजे बारापैकी पाच घरं. ‘तुमच्या सोसायटीत मंगळ असलेली किती माणसं सुखाने नांदत असतील, मोजा,’ म्हटलं. साडेसातीचंही असंच. शनी चंद्रराशीच्या मागच्या, त्या आणि पुढच्या राशीत असेपर्यंत ती चालते, म्हणजे कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना ती असतेच. हे गणित जातकाला दाखवत चला.

उपायाचे पैसे आपल्या हातात येऊ देऊ नका. रत्न सुचवून सराफाकडून कमिशन घेणं, गुरुजींकडे पाठवून वाटा घेणं, यातलं काहीही करू नका. एकदा ते सुरू झालं की पत्रिकेत दोष दिसायला लागतात, आणि ते खरंच दिसतात, हेच वाईट. माझी दक्षिणा फोनवरच सांगते. नंतर त्यात एक रुपयाही वाढत नाही.

चोरी कुणी केली, हे कधीच सांगू नका. ‘घरात येणारी, सावळी बाई’ एवढं बोललात तरी कुणा धुणंभांडीवालीचं काम जातं. ‘मुलगा होईल का’ यालाही नकार द्या. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा स्वतः वाचा, अनुसूची छोटी आहे. गर्भातल्या बाळाचं लिंग बदलून देतो म्हणणं, भुताची भीती घालणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं त्यात आहे.

सासूने गुपचूप आणलेली सुनेची पत्रिका मी परत करते. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्यालाही सहा महिने येऊ नका म्हणते.

शेवटचं, वही ठेवा. तारीख, प्रश्न आणि आपण बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. मागच्या आषाढात एका मुलाला मी म्हटलं होतं, ‘दिवाळीपर्यंत नोकरीचे योग बरे दिसतात.’ दिवाळी गेली. वही पाहून मीच फोन केला, माझं चुकलं म्हणाले आणि दक्षिणा परत केली. त्याला पैशांचं काही नव्हतं. चाकणला कंत्राटी काम मिळत होतं, ते घेऊ का, एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, ‘या, पण पत्रिका आणू नका. पगार किती, बसला किती वेळ जातो आणि घरी किती द्यावे लागतात, एवढं लिहून आणा.’